पडदा कोणाच्या बाजूने? लपून केलेलं जनुकीय संशोधन आणि त्याची किंमत

एका संमतीपत्रापासून सुरुवात करू. चीनमध्ये काही जोडप्यांसमोर ते ठेवलं गेलं आणि पुढे त्याची इंग्रजी प्रत जगजाहीर झाली. पानं २३. वर प्रकल्पाचं नाव आहे, ‘एड्स लस विकास प्रकल्प’. लस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दंडात टोचलेली सुई आणि फार तर एक दिवसाची कणकण येते. या प्रकल्पात कोणालाच लस टोचली जाणार नव्हती. प्रयोगशाळेत फलित केलेल्या गर्भाच्या डीएनएवर कात्री चालवायची आणि तो गर्भ आईच्या गर्भाशयात सोडायचा, असा बेत होता. म्हणजे जन्मणाऱ्या मुलाच्या पेशींत, आणि पुढे त्याच्या मुलाबाळांतही उतरू शकेल असा बदल.

आतली कलमं वाचताना मी दोनदा थांबलो. गर्भ सोडल्यापासून बाळ २८ दिवसांचं होईपर्यंत मन बदललं, तर प्रकल्पाने केलेला सगळा खर्च परत करावा लागेल. दहा दिवसांत पैसे आले नाहीत तर वर १ लाख युआन दंड. डीएनएमध्ये भलत्याच ठिकाणी काप गेला तर त्याची जबाबदारी प्रकल्पाची नाही. बाळाच्या जन्मदिवशीच्या फोटोवरचा हक्क मात्र प्रकल्पाचा.

यातल्या जोडप्यांत वडिलांना एचआयव्हीची लागण झालेली होती, आईला नव्हती. मूल हवं होतं. चीनमध्ये एचआयव्हीबाधितांना टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घ्यायला मज्जाव होता. म्हणजे ज्यांच्यापुढे दुसरं दार नव्हतं, त्यांच्यापुढेच हा कागद ठेवला गेला. सह्या झाल्या. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये जुळ्या मुली जन्मल्या. खरी नावं जाहीर झाली नाहीत, जग त्यांना लुलू आणि नाना या टोपणनावांनी ओळखतं. जनुकं बदलून जन्माला घातलेली ही पहिली माणसं.

हा प्रयोग करणारे शास्त्रज्ञ शेन्झेनचे हे जियानकुई. (‘हे’ हे त्यांचं आडनाव आहे, मराठीत वाचताना जरा घोटाळा होतो.) २०१८ च्या नोव्हेंबरअखेरीस हाँगकाँगमध्ये मानवी जनुक-संपादनावरची जागतिक परिषद भरणार होती. तिच्या तोंडावर बातमी फुटली, त्यांनी यूट्यूबवर व्हिडिओ टाकून ती खरी असल्याचं सांगितलं, आणि मग परिषदेत उभं राहून सभागृहभर शास्त्रज्ञांच्या प्रश्नांना तोंड दिलं. तोपर्यंत मुली महिनाभराच्या झाल्या होत्या. प्रयोगाची सरकारी नोंदवहीतली नोंद ८ नोव्हेंबरची, म्हणजे जन्मानंतरची.

नेमकं बिघडलं काय, ते समजायला थोडं विज्ञान लागतं. फार नाही.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचा सुमारे ३ अब्ज अक्षरांचा मजकूर दोन प्रतींत असतो, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. त्यातले वीसेक हजार अर्थपूर्ण उतारे म्हणजे प्रथिनं बनवणारी जनुकं. सीसीआर-५ हे त्यातलं एक. त्यापासून बनणारं प्रथिन काही रोगप्रतिकारक पेशींच्या पृष्ठभागावर बसतं, आणि एचआयव्हीचे बहुतेक विषाणू त्याला धरूनच आत शिरतात. युरोपीय वंशाच्या काही लोकांत या जनुकातली ३२ अक्षरं जन्मतःच गळालेली असतात. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून अशी गळलेली प्रत आली, तर त्या माणसाला एचआयव्हीची लागण सहसा होत नाही. जियानकुईंना हेच घडवून आणायचं होतं.

त्यासाठी हत्यार होतं क्रिस्पर. ते मजकुरात ठरावीक अक्षरांची ओळ शोधतं आणि तिथे काप देतं. संगणकावर ‘शोधा आणि बदला’ करतो ना, तसंच. आणि त्याची खोडही तीच. एखाद्या लेखात ‘मन’ शोधून सगळीकडे ‘चित्त’ घाला म्हणावं, तर ‘नमन’चं ‘नचित्त’ आणि ‘गमन’चं ‘गचित्त’ होऊन बसतं. लेखात हे वाचून दुरुस्त करता येतं. गर्भात भलतीकडे गेलेला काप कदाचित चाळिसाव्या वर्षी आजार होऊन समोर येईल.

दुसरी भानगड वेळेची. गर्भ एका पेशीचा असतो, तिच्या दोन होतात, दोनच्या चार. कात्री उशिरा चालली तर काही पेशींत बदल होतो, काहींत नाही. छापखान्यात शंभर प्रती निघाल्यावर चूक लक्षात यावी आणि तिथून पुढे मजकूर बदलावा, तसं. गठ्ठा एकच, पण आतल्या प्रती दोन तऱ्हेच्या. अशा शरीराला मोझेइक म्हणतात. या मुलींच्या बाबतीत त्याची चिन्हं जियानकुईंच्याच आकडेवारीत असल्याचं इतर तज्ज्ञांनी दाखवून दिलं.

शिवाय जे बदल झाले, ते निसर्गात दिसणारे ३२ अक्षरांचे नव्हतेच. वेगळेच होते, आधी कोणाही माणसात न तपासलेले. एका मुलीत तर जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक शाबूत राहिली, म्हणजे संरक्षणाचा दावाही लंगडा. सीसीआर-५ नसलेल्यांना वेस्ट नाईल विषाणूचा आजार जास्त जोरात होतो, हे आधीच माहीत होतं. आणि वडिलांकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून शुक्राणू धुऊन वापरायची पद्धत कित्येक वर्षं रुळलेली आहे. थोडक्यात, एरवी टळलं नसतं असं काहीही या प्रयोगाने मुलींपुरतं टाळलं नाही.

आता हा सगळा आक्षेप पुन्हा वाचा. यातला एकही मुद्दा असा नाही, जो एखाद्या बऱ्या नीतिसमितीने, म्हणजे माणसांवरचा प्रयोग योग्य की अयोग्य हे आधी तपासणाऱ्या समितीने, पहिल्याच बैठकीत काढला नसता. म्हणूनच ती बैठक होऊ दिली गेली नाही. कोर्टात जे सिद्ध झालं त्यानुसार नीतिसमितीच्या मंजुरीचा कागद बनावट होता आणि रक्ततपासणीला दुसऱ्याच माणसांचं रक्त पुढे केलं गेलं. ३० डिसेंबर २०१९ रोजी जियानकुईंना ३ वर्षांची कैद आणि ३० लाख युआन दंड झाला. दोन सहकाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. तोवर तिसरं मूलही जन्माला आलेलं होतं.

मला यात सगळ्यात जास्त टोचते ती वेगळीच गोष्ट. हे गुपित पक्कं नव्हतं. काही परदेशी शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. कोणी नापसंती कळवली, कोणी ‘मला यात ओढू नका’ म्हटलं. जाहीरपणे मात्र कोणीच बोललं नाही. कुठे तक्रार करायची याची ठरलेली जागाच नव्हती, असं त्यांच्यातल्या काहींचं म्हणणं. ते खोटं नसावं. पण ‘आपल्याला काय करायचंय’ या वाक्याला इतकी मोठी पदवी लागत नाही.

गोपनीय आणि लपवलेलं

या विषयावर बोलताना एक गल्लत हमखास होते. ‘अहो, वैद्यकीय संशोधन गोपनीयच असतं की!’ असतंच. असायलाच हवं. तुमच्या रक्तात कोणता आजार लिहिलाय हे शेजाऱ्याला, साहेबाला किंवा विमा कंपनीला कळता कामा नये. ही गोपनीयता भाग घेणाऱ्या माणसाची. तिच्यातला पडदा त्याच्या आणि जगाच्या मध्ये असतो.

लपवाछपवीत तोच पडदा फिरवून संशोधक आणि माणूस यांच्या मध्ये लावला जातो. आपल्यावर काय चाललंय हे आता त्या माणसालाच कळत नाही. दिसायला दोन्ही सारखेच, बंद फायली, सांकेतिक क्रमांक, ‘याबद्दल बोलता येणार नाही’. म्हणून अशी बंद फाईल दिसली की मी एकच विचारतो, पडदा कोणाला झाकतोय?

याची सगळ्यात विदारक जुनी साक्ष ऑशविट्झची आहे. तिथे योसेफ मेंगेले हा नाझी डॉक्टर जुळ्या मुलांवर प्रयोग करत होता. आनुवंशिकतेच्या नावाखाली घेतलेले रक्ताचे आणि शरीराच्या भागांचे नमुने बर्लिनच्या कायझर विल्हेल्म संस्थेच्या मानववंश व आनुवंशिकता विभागाकडे जात. नमुने घेणारा छळछावणीत होता, पण ते तपासणारे नावाजलेल्या संस्थेत, पांढऱ्या कोटात बसले होते. युद्धानंतर नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली. तिचं पहिलंच कलम सांगतं की माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे. १९६४ मध्ये वैद्यकीय संशोधनाच्या नीतीवरचा हेलसिंकी जाहीरनामा आला, १९९७ मध्ये मानवी जीनोमवरचा, म्हणजे माणसाच्या डीएनएच्या अख्ख्या मजकुरावरचा, युनेस्कोचा जाहीरनामा. कागद भरपूर झाले. पण १९४७ नंतरच्या गोष्टीही वाचण्यासारख्या आहेत.

ग्रँड कॅन्यनच्या तळाशी

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यनच्या तळाशी सुपाई नावाचं गाव आहे. तिथवर मोटारीचा रस्ता जात नाही. पायी उतरायचं, घोड्या-खेचरावरून जायचं, नाहीतर हेलिकॉप्टर. हावासुपाई जमातीचे काही शे लोक तिथे राहतात. १९८० च्या दशकात त्यांच्यात मधुमेहाने कहर केला. हातपाय कापावे लागत होते, लोक गाव सोडून डायलिसिससाठी बाहेर जात होते. तेव्हा १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दोनशेच्या आसपास लोकांचं रक्त घेतलं. लोकांना कळलं ते एवढंच, की मधुमेह का होतो ते शोधायचंय.

मधुमेहाचा तपास फार पुढे गेला नाही. रक्त मात्र फ्रीझरमध्ये राहिलं. पुढे त्यावर स्किझोफ्रेनियाचं काम झालं, जवळच्या नात्यांतल्या लग्नांचं झालं, आणि हे लोक मुळात कुठून आले याचंही झालं. २००३ मध्ये कार्लेटा टिलूसी ही त्याच जमातीची बाई विद्यापीठात एका विद्यार्थ्याच्या पीएच.डी.च्या सादरीकरणाला जाऊन बसली. विषय निघाला तिच्याच लोकांच्या रक्ताचा. ती उठली आणि तिने विचारलं, हे वापरायची परवानगी घेतली होती का?

‘बिघडलं कुठे? रक्त तर आधीच घेतलेलं होतं, कोणाला नव्याने सुई टोचली नाही,’ असं म्हणणारे आजही भेटतात. बिघडलं ते असं. हावासुपाईंची श्रद्धा आहे की त्यांचा उगम त्या दरीतच झाला. त्या जमिनीवरचा त्यांचा हक्कही याच गोष्टीला बिलगलेला. आता त्यांच्याच रक्तातून निघालेला शोधनिबंध सांगतो की तुमचे पूर्वज आशियातून, बेरिंगच्या सामुद्रधुनीच्या वाटेने अमेरिकेत आले. शास्त्र म्हणून ते खरं असेलही. पण ‘तुमच्या रक्तावरून तुमच्या जन्मकथेची तपासणी करू का?’ असं विचारलं असतं तर त्यांनी ‘नाही’ म्हटलं असतं, आणि तो नकार द्यायची संधीच त्यांच्याकडून काढून घेतली गेली. मानसिक आजार आणि नात्यातली लग्नं यांचा शिक्काही एका माणसावर नाही, अख्ख्या गावावर बसतो. नावं गाळली तरी गावाचं नाव उरतंच.

कागदोपत्री संशोधकांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. संमतीपत्रावर ‘वर्तनविषयक आणि वैद्यकीय विकारांची कारणं’ असं मोघम वाक्य होतं. पण अनेकांना इंग्रजी जेमतेम येत होतं, आणि तोंडाने मात्र मधुमेहाचंच सांगितलं गेलं होतं. सही कागदावर होते, संमती मात्र जे समजलं तेवढ्यालाच दिलेली असते.

२०१० मध्ये तडजोड झाली. विद्यापीठाने ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. ते न्यायला जमातीची माणसं आली. ज्यांचं रक्त होतं त्यांतले काही तोवर वारले होते. फ्रीझर उघडल्यावर त्या नळ्यांपुढे उभं राहून त्यांनी प्रार्थना म्हटल्या आणि गाणी गायली. प्रयोगशाळेच्या दृष्टीने ते नमुने होते. त्यांच्या दृष्टीने ती आपली माणसं होती, वीस वर्षं थंडीत ठेवलेली.

अशा एका प्रकरणाची झळ पुढच्या सगळ्या संशोधनाला बसते. शेजारच्या नावाहो जमातीने तर २००२ मध्येच आपल्या लोकांवरच्या जनुकीय संशोधनाला बंदी घातली होती. तिथे उद्या खरोखर उपयोगी पडेल असा अभ्यास घेऊन कोणी गेलं, तरी त्याला आधी दारातच उभं राहून दुसऱ्यांनी केलेल्याची उत्तरं द्यावी लागतील.

सही एकाची, मजकूर सगळ्यांचा

जनुकीय माहिती इतर वैद्यकीय माहितीपेक्षा वेगळी का, ते इथे कळतं. माझं हाड मोडलं तर एक्स-रे माझाच. माझा डीएनए मात्र फक्त माझा नाही. निम्मा आईचा, निम्मा वडिलांचा. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा सामायिक, आणि हुबेहूब जुळ्यांत जवळजवळ पूर्ण. मी सही केली की माझ्या बहिणीची, मुलांची, चुलतभावंडांची अर्धीमुर्धी गुपितंही मी देऊन टाकतो. त्यांना कोणी विचारलेलं नसतं. हे उघडपणे, माझ्या संमतीने झालं तरी अवघड आहे. मग मलाही न सांगता झालं तर?

हेन्रिएटा लॅक्स १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅन्सरने वारल्या. त्यांच्या गाठीतल्या पेशी न विचारता घेतल्या गेल्या आणि ‘हीला’ या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत राहिल्या. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पुढचा भाग कमी सांगितला जातो. २०१३ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी हीला पेशींचा अख्खा जीनोम इंटरनेटवर टाकला. बाईंना जाऊन ६२ वर्षं झाली होती, पण त्यांची मुलं-नातवंडं हयात होती आणि त्यांच्या शरीरातला काही मजकूर कोणालाही वाचता येईल असा उघड्यावर पडला. ओरड झाल्यावर तो काढून घेतला गेला. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने कुटुंबाशी करार केला, आणि तो जीनोम कोणाला बघू द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीत कुटुंबातल्या व्यक्ती बसल्या.

‘पण आम्ही नावं काढून टाकतो,’ हे उत्तर ठरलेलं असतं. २०१३ मध्येच एका गटाने दाखवून दिलं की नाव नसलेल्या जीनोममधून, बापाकडून मुलाकडे उतरणारं वाय गुणसूत्र आणि वंशावळीची खुली संकेतस्थळं पडताळून, आडनाव काढता येतं. त्यांनी जवळजवळ ५० जण ओळखून दाखवले. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला कित्येक दशकं न सापडलेला खुनी पकडला गेला तो असाच. त्याने स्वतःचा डीएनए कुठेही दिलेला नव्हता. लांबच्या नातेवाइकांनी हौसेने दिला होता. खुनी सापडला याचा आनंदच आहे. पण त्याच वाटेने सरकारला न आवडणारा पत्रकार सापडतो, आणि दत्तक दिलेल्या मुलाची आईसुद्धा.

आइसलँडमध्ये तर देशच छोटा आणि वंशावळी शतकानुशतकांच्या. तिथल्या डीकोड या कंपनीकडे इतक्या लोकांची जनुकीय माहिती जमली, की ज्यांनी नमुना दिलेलाच नाही त्यांच्यातही स्तनांच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए-२ या जनुकातला बदल असेल का, याचा अंदाज नात्यांवरून बांधता येऊ लागला. आता सांगायचं की नाही? सांगितलं तर जीव वाचू शकेल. पण त्या बाईने विचारलेलंच नाही, आणि न कळून घेण्याचाही हक्क असतो. हा वाद तिथे वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी ज्यांना हवं त्यांनी स्वतःहून विचारावं अशी सोय झाली. मला यावर छातीठोक उत्तर देता येत नाही. इतकं मात्र दिसतं, की वाद उघड होता म्हणून निदान वाद घालता आला.

उलट टोकाला शिंजियांग आहे. चीनच्या त्या प्रांतात मोफत आरोग्यतपासणीच्या मोहिमेच्या आडून १२ ते ६५ वयाच्या लोकांचे डीएनए नमुने गोळा केले जात असल्याचं ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने २०१७ मध्ये समोर आणलं. तिथे राहणारे उइघुर मुसलमान आधीच सरकारच्या डोळ्यात खुपणारे. ‘तपासणी करून घ्या’ असं पोलिसांची सत्ता असलेल्या जागी म्हटलं जातं तेव्हा त्याला नकार देणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पुढे थर्मो फिशर या अमेरिकी कंपनीने २०१९ मध्ये तिथे डीएनए वाचायची यंत्रं विकणं थांबवलं, आणि अशा नमुन्यांवरचे काही शोधनिबंध नियतकालिकांना मागे घ्यावे लागले.

न्यूयॉर्कची भावंडं

सगळंच काही सुई टोचून होत नाही. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लुईस वाईज सर्व्हिसेस नावाची दत्तकसंस्था होती. तिथे आलेली काही जुळी आणि एक तिळं तान्हेपणीच वेगवेगळ्या घरांत दिलं गेलं. मानसोपचारतज्ज्ञ पीटर न्यूबाउअर यांचा गट त्या घरांत जाऊन मुलांच्या चाचण्या घेई, फिल्म काढी. रक्तातून काय येतं आणि संगोपनातून काय, हे बघण्यासाठी असा जमून आलेला प्रसंग पुन्हा कुठे मिळणार! दत्तक आईवडिलांना सांगितलं जाई की हा मुलांच्या वाढीचा साधा अभ्यास आहे. मुलाला हुबेहूब भावंड आहे आणि ते याच शहराच्या आसपास वाढतंय, हे कोणी सांगितलं नाही.

१९८० मध्ये एक १९ वर्षांचा मुलगा कॉलेजात पहिल्या दिवशी गेला तर लोक त्याला भलत्याच नावाने हाका मारून मिठ्या मारायला लागले. तसा चेहरा असलेला दुसरा मुलगा आदल्या वर्षी तिथे शिकत होता. दोघं भेटले, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि तो फोटो पाहून तिसऱ्याने ओळखलं, हा तर मीच! आधी सगळ्यांना मौज वाटली. मग हळूहळू कळलं की हे योगायोगाने तुटलं नव्हतं, तोडलेलं होतं. तिघांपैकी एकाने १९९५ मध्ये आत्महत्या केली. तिचं कारण या प्रयोगात शोधणं धाडसाचं होईल. पण १९ वर्षं भावांवाचून काढायला लावली ती कशासाठी, याचं उत्तर उरलेल्या दोघांनी कोणाकडे मागायचं?

कारण अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष कधी छापूनच आला नाही. न्यूबाउअर २००८ मध्ये वारले. कागदपत्रं येल विद्यापीठात खोक्यांत बंद आहेत, २०६५ पर्यंत. ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांतल्या काहींना झगडून त्यातली थोडी पानं मिळाली, काळं फासलेल्या ओळींसकट. लपून केल्याने विज्ञान पुढे जातं असं ज्यांना वाटतं, त्यांनी या खोक्यांचा हिशेब द्यावा. माणसांची आयुष्यं खर्ची पडली, आणि हाती एक निष्कर्षही नाही.

तसं ते होणारच होतं. जे दाखवलं जात नाही ते तपासता येत नाही, आणि न तपासलेल्या गोष्टीला विज्ञान म्हणायचं ते कशावरून? जियानकुईंचा मुली जन्मल्याचा निबंधही कुठल्या नियतकालिकात रीतसर छापून आलेला नाही.

आणि कधीकधी सगळं लपवावंही लागत नाही, एखादं पान गाळलं तरी पुरतं. १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जनुकोपचाराच्या चाचणीत जेसी गेलसिंगर हा १८ वर्षांचा मुलगा दगावला. त्याला यकृताचा आनुवंशिक आजार होता, पण औषध-पथ्याने तो आटोक्यात होता. अशा आजाराने जन्मतःच दगावणाऱ्या बाळांच्या उपयोगी पडावं म्हणून तो आपणहून गेला होता. चाचणी नोंदलेली होती, समितीने पाहिलेली होती, संमतीपत्रही होतं. फक्त आधीच्या प्रयोगांत माकडं दगावल्याचा उल्लेख त्या संमतीपत्रात नव्हता. आधीच्या रुग्णांना झालेला त्रासही नियामकांना नीट कळवलेला नव्हता. प्रमुख संशोधकाने काढलेल्या कंपनीचे हितसंबंध याच तंत्रात गुंतलेले होते. हे कळलं असतं तरी तो गेला असता का? कदाचित गेलाही असता. ते ठरवायचं त्याचं त्याने होतं.

पैसा, पेटंट, ‘पहिला मी’ची हाव आणि ‘विचारलं तर नाही म्हणतील’ ही भीती, लपवण्याची कारणं बहुधा या चारांतली असतात. चौथं कारण सगळ्यात बोलकं. नाही म्हणतील हे ज्याला माहीत आहे, त्याला उत्तर आधीच मिळालेलं असतं.

जनुकांना हात लावूच नये असं यातून कोणी काढू नये. सिकलसेल आजारावरचा क्रिस्परचा उपचार २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने मंजूर केला. त्यात रुग्णाच्या स्वतःच्या रक्तपेशी बाहेर काढून, दुरुस्त करून परत सोडतात. बदल त्याच्यापुरता, पुढच्या पिढीत जात नाही. चाचण्यांची नोंद आधी, दुष्परिणामांसह निकाल छापलेले, रुग्ण कळत्या वयाचे. कात्री तीच आहे.

कधी तुमच्यापुढे असा कागद आला, जनुकीय तपासणीचा म्हणा किंवा संशोधनाचा, तर मोठ्या अक्षरांतलं शीर्षक सोडून द्या. माझा नमुना या कामानंतर कुठे जाणार ते विचारा. मी उद्या ‘नको’ म्हटलं तर नमुना आणि माहिती दोन्ही नष्ट होणार का, आणि त्यासाठी मला काही भरावं लागणार का, हे विचारा. काही बिघडलं तर फोन कोणाला करायचा, आणि तो माणूस संशोधन करणाऱ्यांच्या पगारावरचा आहे की बाहेरचा, हेही. उत्तर देताना समोरचा चिडला, तर तेही एक उत्तरच.

लुलू आणि नाना आज कुठे आहेत, कशा आहेत, हे आपल्याला माहीत नाही. माहीत असू नये हेच बरं. हा पडदा त्यांच्या बाजूचा आहे. पण त्यांच्या तब्येतीवर जन्मभर लक्ष ठेवावं लागणार, आणि उद्या त्यांना मुलं हवी झाली तर त्यांनाही आपल्या पेशींत नेमकं काय लिहिलंय ते वाचावं लागणार. जियानकुईंनी हाँगकाँगमध्ये सांगितलेली योजना अशी होती, की १८ वर्षांपर्यंत त्यांची तपासणी होत राहील, आणि पुढे त्यांनी स्वतः संमती द्यावी अशी आशा आहे. ती १८ वर्षं २०३६ च्या ऑक्टोबरमध्ये पुरी होतात. त्या दिवशी कोणीतरी त्यांच्यापुढे एक कागद ठेवील, आणि त्यांना पहिल्यांदा विचारलं जाईल.